इजिप्तचा धडा आणि आपला जिल्हा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला भूगोल शिकवला. त्यांच्या तासांपैकी एक तास माझ्या मनात अजून जसाच्या तसा आहे. पुस्तकात इजिप्त देशाचा धडा होता. लोकजीवन, अर्थव्यवहार आणि दळणवळण असे त्याचे तीन भाग होते. धडा संपल्यावर गुरुजींनी पुस्तक मिटले आणि गृहपाठ सांगितला, "ह्याच तीन मथळ्यांखाली आदिलाबाद जिल्ह्याची माहिती लिहून आणा." दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एकाही मुलाचे अर्धे पान भरले नव्हते. नाईल कोठे उगम पावते हे आम्ही झोपेत सांगितले असते. परंतु गावाशेजारून वाहणारी पैनगंगा कोठून येते, हे एकालाही ठाऊक नव्हते. गुरुजी रागावले नाहीत. "वेळ लागेल, पण लिहा," एवढेच म्हणाले. पुढे मीही आयुष्यभर भूगोलच शिकवला. तो राहिलेला गृहपाठ आज आपल्यासमोर वाचावा, अशी माझी इच्छा आहे. इजिप्तला मात्र मी सोडणार नाही. शेजारी दुसरा आरसा ठेवल्यावाचून आपली पाठ आपल्याला दिसत नसते.

आधी जिल्हा म्हणजे काय ते ठरवू. निजामाच्या राज्यात १९०५ साली हा स्वतंत्र जिल्हा झाला. दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला पैनगंगा आणि वर्धा, पूर्वेला प्राणहिता, अशा नद्यांच्या कुशीतला हा प्रदेश सुमारे सोळा हजार चौरस किलोमीटरांचा होता. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्ये झाली, तेव्हा राजुरा आणि किनवट हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य अस्तित्वात आले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. एका माणसाच्या हयातीत, त्याने घराचा उंबरठा न ओलांडता, चार राज्यांत राहणे म्हणजे काय, ते आमच्याकडच्या वृद्धांना विचारावे. मी 'जिल्हा' म्हणेन तेव्हा बहुधा जुना, अखंड जिल्हाच माझ्या मनात असेल.

आता लोकांकडे वळू. इजिप्तची लोकसंख्या दहा कोटींच्या वर आहे आणि ती जवळजवळ सगळी नाईलच्या काठच्या चिंचोळ्या हिरव्या पट्टीत दाटलेली आहे. देशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग वाळवंट असल्यामुळे तेथे माणूस नदीला चिकटून राहतो. आपल्याकडे उलटा प्रकार घडला. नदीकाठची काळी कसदार जमीन एकामागून एक आलेल्या शेतकऱ्यांनी धरली आणि मूळचे गोंड व कोलाम डोंगरपठारांवर सरकत गेले. जुन्या जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या सत्तावीस लाखांच्या वर होती. तीत तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, लंबाडी आणि कोलामी बोलणारे लोक शेजारी-शेजारी नांदत आले आहेत. जैनद, बेला, तामसी ह्या पैनगंगेकडच्या भागांत आजही घरातली बोली मराठी आहे. पलीकडच्या वणी-पांढरकवड्याशी आमचा रोटीबेटीचा व्यवहार नदीला पूर असतानाही थांबत नाही. वऱ्हाड फक्त पुलाचा वळसा घालून जाते.

मराठीचे येथील स्थान ठरवताना एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. गोंडांच्या पुराणकथा परंपरेने गाणारे जे परधान, ते गातात गोंडीत. पण त्यांच्यापैकी अनेकांच्या घरातली भाषा मराठी. किंकरीच्या साथीने गोंड देवतांची आख्याने रात्रभर गोंडीत गाणारा परधान पहाटे घरी जाऊन मुलाला मराठीत हाक मारतो. भाषांच्या सीमा नकाशावर रंगवाव्यात तशा माणसांत रंगवता येत नाहीत, ह्याचे ह्यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला मिळालेले नाही. आंध जमातीचे लोकही मराठीच बोलतात.

ह्या संदर्भात दोन अभ्यासकांचे ऋण मान्य केले पाहिजे. पहिले ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ. कोमरम भीम ह्यांचा उठाव १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात गोळीबाराने संपवण्यात आला. त्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने ह्या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपवले. मारलवाई गावी त्यांनी तळ ठोकला आणि १९४३ साली तेथे गोंड मुलांसाठी शाळा व शिक्षकांचा प्रशिक्षणवर्ग उभा राहिला. त्या शाळेची पहिली गोंडी पुस्तके नागरी लिपीत छापली गेली, कारण ह्या भागातले व्यवहारातले लेखन मराठीमुळे नागरीत होत असे. हैमेनडॉर्फ ह्यांच्या पत्नी बेटी ह्यांचे १९८७ साली निधन झाले. त्यांची समाधी मारलवाईलाच आहे. १९९५ साली ते स्वतः गेल्यावर त्यांचेही अवशेष तिच्याच शेजारी विसावले.

दुसरे सेतुमाधवराव पगडी. महाराष्ट्र त्यांना मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधक म्हणून ओळखतो. परंतु तरुणपणी निजामाच्या नोकरीत असताना ते ह्या जिल्ह्यात आदिवासींच्या कामावर होते आणि तेथे त्यांनी गोंडी व कोलामी ह्या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. मराठी माणसाने शेजारच्या माणसाची भाषा शिकण्याचा हा दाखला आपल्या पाठ्यपुस्तकांत का नसावा, हे मला उमगलेले नाही. लिपीचीही एक नवी कथा आहे. नारनूरजवळच्या गुंजाळा गावात गोंडीच्या स्वतंत्र लिपीतली हस्तलिखिते २००६ साली अभ्यासकांच्या दृष्टीस पडली आणि २०१८ साली ती लिपी संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात दाखल झाली.

ह्या लोकांत सारे गोडीगुलाबीचे आहे, असे मी म्हणणार नाही. लंबाड्यांचा समावेश तेलंगणाच्या भागात अनुसूचित जमातींत झाला तो १९७६ च्या कायद्याने. महाराष्ट्रात हाच समाज विमुक्त जातींत मोडतो. नदीच्या एका काठावर एक सवलत आणि दुसऱ्या काठावर दुसरी असल्यावर लोक काठ बदलणारच. त्यातून गोंड आणि लंबाडे ह्यांच्यात जो ताण निर्माण झाला, तो अजून निवळलेला नाही. दोन्ही बाजूंना गरीब माणसेच आहेत, हे जाणून त्यावर बोलावे, एवढेच मी म्हणतो.

अर्थव्यवहाराचा विचार करू लागलो की आपण आणि इजिप्त एकदम जवळ येतो, कारण दोघांचेही दैव एका पिकाच्या बोंडात अडकले. मुहंमद अलीच्या कारकिर्दीत, १८२० च्या सुमारास, झ्युमेल नावाच्या फ्रेंच माणसाने तेथे लांब धाग्याच्या कापसाची लागवड वाढवली. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथला कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या इजिप्त व वऱ्हाडकडे धावल्या. किमती कैक पटींनी चढल्या. त्या पैशाच्या आणि कर्जाच्या भरवशावर इस्माईल पाशाने कालवे खोदले, रेल्वे वाढवली, कैरो सजवले. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला. युद्ध संपताच भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. १८७५ साली कालव्याचे भाग इंग्लंडला विकावे लागले, १८७६ मध्ये दिवाळे निघाले आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौज आली. त्याच लाटेत इकडे इंग्रजांच्या ताब्यातल्या वऱ्हाडात खामगावपर्यंत कापसासाठी लोहमार्ग आला. १८७० साली लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला स्वतः हजर होता. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य असल्यामुळे आमचा कापूस त्या काळी बैलगाडीने नदी ओलांडून जात असे.

आज आदिलाबादच्या मार्केट यार्डात हिवाळ्याच्या पहाटे जाऊन पाहावे. कापसाच्या गाड्यांची रांग हमरस्त्यापर्यंत येते. भाव कसा ठरतो हे विद्यार्थ्यांना सविस्तर सांगतो, कारण ह्या सभागृहातल्या निम्म्या मुलांच्या फीचे पैसे त्यातूनच येतात. शेतकरी विकतो तो सरकीसह कापूस. एक क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये सुमारे ३३-३४ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. १७० किलो रुईची एक गासडी धरली, तर तिच्यासाठी सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. हा भाव ८ टक्के ओलाव्याचा असतो. त्यावर ओलावा जितके टक्के चढतो, तितके टक्के भाव उतरतो. १२ टक्क्यांच्या वर गेला की कापूस हमीभावाने घेतच नाहीत. म्हणजे १२ टक्के ओलाव्याच्या क्विंटलमागे तीनशे रुपये गेले. वीस क्विंटलांची गाडी असेल तर सहा हजार. कार्तिकातले दव, वेचणीच्या वेळची घाई, घरात वाळवायला जागा नसणे, ह्या सगळ्यांची किंमत त्या लहानशा यंत्राच्या काट्यावर येते.

माझ्या धाकट्या भावाची गाडी काही वर्षांपूर्वी एका खरेदी केंद्रावरून परत आली. यंत्राने १४ दाखवले होते. दोन दिवस भाड्याची गाडी उभी ठेवून कापूस उन्हात पसरण्याची ऐपत त्याला नव्हती. संध्याकाळी त्याच फाटकाबाहेर एका खासगी खरेदीदाराने तोच कापूस पडत्या भावाने घेतला. घरी येऊन भाऊ जेवला नाही. मी भूगोलाचा शिक्षक. आर्द्रतेची व्याख्या मला तोंडपाठ होती, पण त्या रात्री ती त्याला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच आमच्याकडची जवळजवळ सारी पऱ्हाटी संकरित बियाण्याची झाली. आरंभी फवारणी कमी झाली, उतारा वाढला. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या बियाण्याला दाद देणे सोडले. बियाणे दरवर्षी विकत घ्यायचे, खत-औषधाची उधारी दुकानदाराकडे, पाऊस आभाळाकडे आणि भाव परमुलखाकडे. ज्वारी आणि तूर कमी झाली, सोयाबीन वाढले. ज्या घरांतून कर्जापायी कर्ता माणूस उठून गेला, अशा घरांतली मुले माझ्या वर्गात बसलेली आहेत. त्यांची संख्या सांगणारा आकडा मी येथे देत नाही. इजिप्तचा कापूस आजही जगात नावाजला जातो. आमचा कापूस मात्र रुईच्या गासडीतच आपले नाव गमावतो. सूत आणि कापड बहुतांशी दुसरीकडे होते.

कारखानदारीविषयी थोडक्यात सांगतो. पूर्वेकडे बेल्लमपल्ली-मंदमर्रीच्या सिंगरेणी कोळसाखाणी आहेत. कागजनगरची सिरपूर पेपर मिल २०१४ साली बंद पडली आणि २०१८ साली नव्या मालकाकडून पुन्हा सुरू झाली. आदिलाबाद शहरालगतचा केंद्र सरकारचा सिमेंट कारखाना १९८४ साली सुरू झाला, तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस थांबला. तो पुन्हा सुरू व्हावा ह्या आशेवर एक पिढी निवृत्तीला आली. निर्मलची रंगीत लाकडी खेळणी सर्वांनाच ठाऊक आहेत.

आता दळणवळण. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रिया ते कैरो लोहमार्ग १८५६ साली पूर्ण झाला, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी धावल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी. आदिलाबादला मुदखेडकडून मीटरगेज रूळ पोहोचायला विसाव्या शतकाची काही दशके जावी लागली. ब्रॉडगेज तर ह्या शतकातले. आणि तो रूळ कोठून जातो पाहा. आदिलाबादहून राज्याच्या राजधानीला जायचे, तर गाडी किनवट, भोकर, मुदखेड, धर्माबाद अशी महाराष्ट्रातून फिरून, बासरजवळ गोदावरी ओलांडून निजामाबादला येते. निर्मल-आर्मूरमार्गे सरळ रूळ टाकण्याची मागणी अनेक वर्षांची आहे. मुंबईहून येणारी नंदीग्राम एक्स्प्रेस मात्र आम्हांला रातोरात नांदेड-औरंगाबादशी, आताच्या छत्रपती संभाजीनगरशी, जोडते. रुळांनी आम्हांला अजून मराठवाड्यातच ठेवले आहे, असे मी गमतीने म्हणत असतो. रस्त्याची गोष्ट वेगळी. उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा ७ आणि आताचा ४४ क्रमांकाचा, पैनगंगेच्या पुलावरून जिल्ह्यात शिरतो आणि निर्मलचा घाट उतरून हैदराबादकडे जातो. हैदराबाद तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशे. त्यामुळे आमचे गंभीर आजारी रुग्ण बरेचदा नागपूरकडे जातात. २००८ साली आदिलाबादला वैद्यकीय महाविद्यालय झाले, तरीही.

परंतु रस्ता आला म्हणजे भले झाले, हे समीकरण आपण फार लवकर मांडतो. हैमेनडॉर्फ ह्यांनी चाळिशीच्या दशकात जे लिहून ठेवले, त्याचा आशय असा की, डोंगरपठार रस्त्यांनी खुले झाल्यावर प्रथम तेथे पोहोचले ते सावकार, व्यापारी आणि जमिनीच्या शोधातले शेतकरी. गोंड पिढ्यान्पिढ्या जमीन कसत होता. परंतु त्याच्याजवळ कागद नव्हता. ज्याच्याजवळ लिहिता-वाचता येणारा माणूस होता, त्याच्या नावावर पट्टा झाला. 'जल, जंगल, जमीन' ह्या तीन शब्दांशी भीमांचे नाव जोडले जाते, त्यामागे हा हिशेब आहे. अहवालानंतर हजारो आदिवासी कुटुंबांना पट्टे मिळाले. १९७० साली अनुसूचित क्षेत्रातल्या जमिनीच्या हस्तांतरणाचा नियम कडक झाला. तो लोकांत '१/७०' ह्या आकड्यानेच ओळखला जातो. तरीही जमिनी गेल्याच. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. मृतांचा सरकारी आकडा १३, लोक त्याहून पुष्कळ मोठा सांगतात. तेथे स्तंभ उभा आहे. त्याच इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरला दर पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात. वाहने आज सर्वांना उपलब्ध असली, तरी ते पाणी चाकांवरून येत नाही.

पाण्याचीही तीच कथा. आस्वानचे मोठे धरण १९७० साली पूर्ण झाले, त्याने इजिप्तला वीज आणि बारमाही पाणी दिले. पण सुदान धरून सुमारे एक लाख न्यूबियन लोकांची गावे त्याच्या जलाशयाखाली गेली. आपल्याकडे पोचमपाडच्या श्रीरामसागराची कोनशिला १९६३ साली पंडित नेहरूंनी बसवली. त्याचे पाणी मुख्यतः करीमनगर-वरंगळकडे वाहते. पैनगंगेवरील चनाखा-कोरटा बंधाऱ्याचा करार महाराष्ट्र आणि तेलंगणा ह्यांच्यात २०१६ साली झाला. चनाखा यवतमाळ जिल्ह्यात आणि कोरटा आमच्या बाजूला : नावातच दोन राज्ये आहेत. माझ्या लहानपणी तेथे उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरे खणून आम्ही पाणी भरत असू. ती पैनगंगा बुलढाण्याकडच्या अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि चंद्रपूरजवळ वर्धेला मिळते. गुरुजींच्या गृहपाठातली ती एक ओळ, उशिरा का होईना, भरली.

शेवटी सीमेवरच्या गावांविषयी बोलतो. परमडोली, मुकदमगुडा आणि आसपासची बारा-चौदा गावे १९५६ पासून दोन राज्यांच्या वादात आहेत. ती महाराष्ट्राच्या जिवती तालुक्यात मोजली जातात आणि इकडे आसिफाबाद जिल्ह्यातही. लोकांजवळ दोन शिधापत्रिका आणि दोन मतदार ओळखपत्रे असतात. एका गावात मराठी शाळा असते आणि तेलुगू शाळाही. बाहेरचे लोक ह्याला चैन समजतात. मी एकदा तेथे गेलो, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंना विचारले, "आजी, दोन सरकारे आहेत, बरे चालले असेल?" त्या म्हणाल्या, "बाबा, जमिनीचा कागद कोण्या सरकारचा, तेवढं सांग." आत्महत्येपासून पीककर्जापर्यंत साऱ्या प्रश्नांच्या मुळाशी असलेला कागद तोच. वनहक्काचा असो की सातबाऱ्याचा, तो नाही म्हणून बँक दारात उभे करत नाही.

आणि आपली शाळा? तेलंगणात २०१८ च्या कायद्याने सर्व शाळांत तेलुगू सक्तीची झाली. ह्याविरुद्ध माझी तक्रार नाही. राज्याची भाषा यायलाच हवी, ती न आल्यामुळे आमच्या पिढीचे किती नुकसान झाले, ते मी जाणतो. परंतु मराठी माध्यमाच्या वर्गाला विज्ञानाचा मराठी शिक्षक मिळत नसेल, तर ते मूल मराठीतही पुढे जात नाही आणि तेलुगूतही नाही. मारलवाईच्या शाळेत ऐंशी वर्षांपूर्वी गोंड मुलाला पहिली अक्षरे त्याच्या बोलीत शिकवण्यात आली होती; तेव्हा जे साधले, ते आजच्या जैनद-बेल्यात अशक्य का असावे, हा प्रश्न मी येथे उपस्थित असलेल्या अधिकारीवर्गापुढे ठेवतो.

विद्यार्थिमित्रहो, माझा गृहपाठ अपुरा आहे. पक्षी, जंगले, कुंताळाचा धबधबा, बासरची सरस्वती ह्यांतले काहीच त्यात आले नाही. तुमच्या शिक्षकांना मी विनंती केली आहे की, येत्या सत्रात इजिप्तचा धडा शिकवून झाल्यावर तोच गृहपाठ तुम्हांला द्यावा. वह्या तपासण्यासाठी मी येईन.